पाचपैकी चार नमुन्यांत तोच जंतू

जॉर्डनच्या अम्मानमधे डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या युद्धात वैद्यकीय मदत करणाऱ्या संस्थेचं हॉस्पिटल आहे, २००६ मधे इराकच्या जखमींसाठी सुरू झालं, नंतर सीरिया, येमेन, गाझाचे पेशंट यायला लागले. ताजी जखम घेऊन इथं कोणी येत नाही, मार लागून महिने नाहीतर वर्षं झालेली असतात आणि पू काही थांबत नसतो. मी तिथं मायक्रोबायोलॉजीला, म्हणजे जंतू तपासायच्या लॅबमधे होते, त्यातली एक केस सांगते.

पोरगा येमेनच्या ताइझचा, मिसरूड फुटलेलं, सोबत काका. तोफगोळ्याचा तुकडा लागून नडगीचं हाड बाहेर आलेलं, तिकडं कुणीतरी बाहेरून रॉड लावून ते धरून ठेवलं, जखम भरली, परत फुटली आणि तेव्हापासून एका बारीक छिद्रातून रोज पू. काकांनी प्लास्टिकची पिशवी टेबलावर ओतली, सिप्रोफ्लॉक्सासिन, सेफिक्झिम, अमॉक्सिसिलिन, सगळ्या अँटिबायोटिकच्या अर्ध्यामुर्ध्या स्ट्रिपा. दुखलं की घ्यायच्या, पैसे संपले की बंद. त्यांना काय बोलणार, ताइझमधे २०१५ पासून लढाई, तिथं धड कल्चर, म्हणजे जंतू प्लेटवर वाढवून कोणता आहे ते बघायची तपासणी, कोण करून देणार.

आम्ही सांगितलं की ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे एकही अँटिबायोटिक घ्यायचं नाही. काका भडकले, "औषध द्यायला बोलावलंत का असलेलं बंद करायला?" राग बरोबरच होता. मग मी दुभाष्याला घेऊन बसले आणि सांगितलं, काका, औषध रक्तातून जातं, मेलेल्या हाडात रक्तच नाही, जंतू तिथं थर करून चिकटून बसलेत, वरून कितीही गोळ्या द्या, तिथवर पोचत नाहीत. आणि अंगात औषध असताना तुकडा काढला तर लॅबमधे काहीच उगवत नाही, आम्ही परत अंधारात. पटलं का माहीत नाही, पण ऐकलं त्यांनी.

ऑपरेशनला मी बाटल्या घेऊन ऑपरेशन थिएटरमधे उभी. सर्जनने हाडाचे पाच तुकडे पाच वेगळ्या जागांवरून काढले, प्रत्येक वेळी नवीन इन्स्ट्रुमेंट, म्हणजे एका ठिकाणची घाण दुसऱ्या नमुन्यात जायला नको. मग आतला मेलेला तुकडा निघाला, बोटाएवढा, उन्हात पडलेल्या शिंपल्यासारखा कोरडा पांढरा, रक्ताचा थेंब नाही. त्यानंतर सर्जन छिन्नीने हाड तासत राहिले, तासत राहिले, शेवटी हाडावर बारीक लाल ठिपके फुटले, जिवंत हाड लागलं. तेव्हा कुठं थिएटरमधे कोणीतरी बोललं.

कल्चरच्या प्लेटा वाचायला घेतल्या तर पाचपैकी चार नमुन्यांत एकच जंतू, क्लेबसिएला, तोही ईएसबीएल, म्हणजे बरीच अँटिबायोटिक्स निकामी करणारा. एकाच तुकड्यात आला असता तर बाहेरची घाण म्हणून शंका घेतली असती, चारात म्हणजे हाच. आणि आधी कुठंतरी छिद्राच्या तोंडाचा स्वॅब, म्हणजे कापसाच्या काडीने पुसून नमुना, घेतलेला त्यात स्यूडोमोनास हा वेगळाच जंतू आला होता, पोराला सिप्रो त्याच्यासाठी चालू होती! छिद्राच्या तोंडाशी कोणीही येऊन बसतं हो, हाडात कोण आहे ते हाडालाच विचारायला लागतं. हा जंतू पिशवीतल्या एकाही गोळीला दाद देणारा नव्हता. मेरोपेनेम या शिरेतून द्यायच्या अँटिबायोटिकला देत होता.

हाडाचा पू आपल्याकडंही बाइकवरून पडलेल्यांत दिसतो, पण मिरज-सांगलीकडं तुकडा लॅबला पाठवणं रोजचं काम आहे. युद्धातल्या मदतीचा विषय निघाला की ऑपरेशन टेबलावर सगळे बोलतात, कल्चर प्लेटवर कोणीच नाही, याचा मला मनापासून राग येतो. प्लेट नसेल तर सर्जनने कितीही चांगलं तासलं तरी पुढचे सहा आठवडे औषध अंदाजानंच.

मेरोपेनेम त्याच दिवशी सुरू झालं. संध्याकाळी काका लॅबच्या दारात. रिपोर्टच्या दोन कॉपी द्या म्हणाले, एक पोराच्या फाइलला, दुसरी त्यांच्या गल्लीतल्या औषधवाल्याला दाखवायला, परत त्याच गोळ्या देऊ नकोस म्हणून. मी तीन काढून दिल्या आणि न चालणाऱ्या औषधांच्या नावाखाली लाल पेनाने रेघा मारल्या.