चोकवरच चालणारा ट्रिमर

पावसाळा सरता सरता आमच्या अंगणाभोवतीचे मेंदीचे कुंपण खांद्याएवढे वाढते, आणि नेमक्या त्याच वेळी पेट्रोलवरच्या हेज ट्रिमरने यंदा असहकार पुकारला. चोक, म्हणजे हवा अडवून इंजिनला जास्त पेट्रोल देणारी झडप, ओढलेला असेपर्यंत इंजिन धडधडत राही; चोक काढून थ्रॉटल दाबला, की गुदमरल्यासारखे होऊन बंद पडे. प्लग काढून पाहिला, तर तो कोरडा आणि पांढरट होता. म्हणजे पेट्रोलच पुरेसे पोहोचत नसावे. टाकीतली गाळणी तारेच्या आकड्याने ओढून बदलली, तरी फरक पडला नाही. अखेर पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्ब्युरेटर उघडला, तेव्हा त्यातला पेट्रोलचा पुरवठा सांभाळणारा पातळ पडदा, जो बोटाने दाबल्यावर सहज लवायला हवा, तो वाळलेल्या आंब्याच्या सालीसारखा कडक झालेला आढळला. चूक माझीच: टू-स्ट्रोक ऑइल मिसळलेले पेट्रोल मी आठ महिने टाकीतच ठेवले होते, आणि हल्लीच्या पेट्रोलमधले इथेनॉल हवेतली ओल शोषून घेते.

पडद्यांचा संच फारसा महाग नसल्याने तो मागवला आहे. तरीही बॅटरीवरच्या यंत्राचा मोह सुटत नाही. ३६ व्होल्ट, २ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे ७२ वॉट-अवर. वर्षातून तीनदा चाळीस फूट कुंपण कापणाऱ्याला तेवढी बहुधा पुरावी, शिवाय दोरी ओढून खांदा दुखवून घेणे नाही. मात्र बॅटरी नुसती पडून राहिली तरी हळूहळू म्हातारी होतेच, आणि तिला पडदा बदलून तरुण करता येत नाही. संच बसवूनही इंजिन चोकवरच अडले, तर मात्र दुकान गाठेन.