वूफरची फोमची कड आणि आपली दमट हवा

जुन्या स्पीकरचा बास फाटू लागला की आधी जाळी काढून वूफरच्या, म्हणजे बास वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या, कडेचा फोम बघा. दमट हवेत तो 15-20 वर्षांत कुजतो; बोट लावलं की काळा चिकट भुगा हाताला येतो. कड रबराची असेल तर ही कटकट सहसा नसते.

नवी कड लावण्याआधी जुना गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण काढा. घाई नडते ती इथेच. नवी कड चिकटवली की गोंद ओला असतानाच कोन, म्हणजे वूफरचा मधला शंकूसारखा पडदा, दोन्ही हातांच्या बोटांनी सारखा दाबून बघा. खर्र आवाज आला तर कोनामागची तारेची कॉइल मधोमध नाही, कड सरकवा. मग रात्रभर हात लावू नका.

शेवटी, तारा सुलट आहेत का हे बघायला, 1.5 व्होल्टचा सेल वूफरला क्षणभर टेकवा. धन टोक लाल टर्मिनलला असताना बहुतेक वूफरचा कोन बाहेर येतो. जोडीतल्या एकाचीच तार उलटी लागली तर बास गायब होतो, आणि शिव्या बिचारा अ‍ॅम्प्लिफायर खातो.