सातूवरची भुरी आणि ०(४)

सातूचे (जवाचे) वाण भुरी या बुरशीच्या रोगाला किती तोंड देतात हे तपासायला मी जर्मनीत, हाले शहराजवळच्या एका संशोधन संस्थेत शिकले. आम्ही निफाडकडचे, त्यामुळे द्राक्षावरची भुरी लहानपणापासून माहीत होती. सातूची बुरशी मात्र निराळी. ती द्राक्षाला लागत नाही आणि द्राक्षाची सातूला लागत नाही.

सगळ्यात जास्त मेहनत बुरशी सांभाळण्याची. ती फक्त जिवंत पानावर वाढते, नुसत्या अगारवर, म्हणजे समुद्री शेवाळापासून केलेल्या जेलीवर नाही. म्हणून हमखास बळी पडणाऱ्या वाणाची कोवळी रोपं कायम तयार ठेवायची आणि ठरावीक दिवसांनी बीजाणू नव्या पानांवर उतरवायचे. सणवार असो की सुट्टी, यात खंड चालत नाही. बुरशीचा प्रत्येक वंश वेगळ्या बशीत ठेवायचा. एकात दुसरा मिसळला तर पुढचे सगळे निकाल वाया.

चाचणी त्यामानाने सोपी. पेरणीनंतर आठ-दहा दिवसांत पहिलं पान पुरतं उलगडतं. त्याचे दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे अगारवर मांडायचे. अगारमध्ये बेन्झिमिडॅझोल घातलेलं असतं, त्यामुळे कापलेलं पान हिरवं राहतं. उंच नळकांड्याच्या तळाशी बशा ठेवून वरून बीजाणू सोडायचे, ते सावकाश सारखे पसरतात. साधारण आठवड्याने प्रत्येक तुकड्याला ० ते ४ असा गुण द्यायचा. पान स्वच्छ असेल तर ०, दाट पांढरी बुरशी असेल तर ४. मधले गुण द्यायला नजर तयार व्हावी लागते. तपकिरी ठिपके दिसले, तर तिथल्या पेशींनी स्वतः मरून बुरशीचा दाणापाणी तोडलेला असतो. अशी प्रतिकारशक्ती बहुधा एखाद्या जनुकावर अवलंबून असते आणि बुरशीचा नवा वंश आला की ती ढासळते. युरोपात असे कितीतरी वाण काही वर्षांतच निकामी झाले.

एका वाणाने मला खरं अडवलं. त्याचं पान जवळजवळ स्वच्छ होतं, पण हातभिंगाखाली एकच ठिपका दिसला. रांगोळीच्या ठिपक्याएवढा, पण पूर्ण वाढलेला, बीजाणूंनी भरलेला. पान प्रतिकारक असेल तर हा कुठून आला? आणि बळी पडणारं असेल तर बाकीचं पान कोरं कसं? चाचणी पुन्हा केली, तरी तेच. मार्गदर्शक बाईंनी पान पाहिलं आणि वहीत लिहिलं: ०(४). सातूतलं एमएलओ नावाचं जनुक बंद पडल्याची ही ओळखच आहे. या जनुकाचं काम बंद पडलं की बुरशी पेशीच्या भिंतीतच अडते, आत शिरू शकत नाही. क्वचित पर्णरंध्राजवळच्या एखाद्या पेशीत ती शिरते आणि मग तिथे जोमाने वाढते. त्या कंसातल्या ४ चा अर्थ हा.

असं उत्परिवर्तन, म्हणजे जनुकातला बदल, हालेतच सापडलं होतं, हे कळल्यावर मला विलक्षण आनंद झाला. फ्राइसलेबेन आणि लाइन या संशोधकांनी सातूच्या हाइसा वाणाच्या बियाण्यावर क्ष-किरण सोडून ते मिळवलं आणि १९४२ मध्ये प्रसिद्ध केलं. १९७९ पासून असे वाण युरोपातल्या शेतात आहेत आणि त्यांची प्रतिकारशक्ती अजून टिकून आहे. बुरशीला ओळखून उलटवार करणाऱ्या जनुकांच्या बाबतीत असं क्वचितच घडतं. इथे बुरशीला आत शिरायला लागणारी गोष्टच रोपातून नाहीशी झालेली असते. त्याची किंमतही आहे. पानांवर आपोआप मृत ठिपके येतात, उत्पादनाला थोडा फटका बसू शकतो आणि भातावरचा करपा घडवणारी बुरशी अशा सातूवर प्रयोगशाळेत जास्त माजते. म्हणून केवळ भुरीचा गुण बघून वाणाची शिफारस करणं मला पटत नाही.

त्या वाणाचं पान आम्ही डीएनए तपासणीसाठी पाठवलं. निघाला एमएलओ-११, त्याच जनुकाचा बंद पडलेला एक प्रकार, म्हणजे हालेच्या क्ष-किरणांतून आलेला नव्हे, तर इथिओपियातल्या शेतकऱ्यांच्या जुन्या सातूमधला.