हुर्राक आणि एक पाय

एप्रिलात गोव्यात वाळपईला मैत्रिणीकडे गेले होते. काजूचा हंगाम, म्हणजे हुर्राक. बोंडूचा रस आंबवून पहिल्यांदा गाळली की हुर्राक, तीच पुन्हा गाळली की फेणी. हुर्राक फार टिकत नाही, त्यामुळे पावसाच्या आत प्यायची तेवढी प्यायची. आम्ही कोल्हापूरकर, कधीमधी एखादी बिअर, बस. मैत्रिणीनं पेल्यात ९० मिली मोजून ओतली, वर लिम्का, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची. वास बोंडूचा, चव सरबताची. दुपारचा एक वाजलेला, सकाळच्या नाश्त्यानंतर पोटात काही नव्हतं. दुसरा पेला कधी संपला कळलंच नाही.

आधी कान गरम झाले. कातडीतल्या रक्तवाहिन्या सैलावतात म्हणून ऊब वाटते. खरं तर अंगातली उष्णता बाहेर जात असते. मग तोंड सुटलं. एरवी मी घुमी, पण लॉकरच्या किल्लीवरून जावेशी झालेलं भांडण दोघींच्या आवाजात करून दाखवलं. (जाऊबाई हे वाचत असतील तर, सॉरी.) अर्ध्या तासात दोनदा बाथरूम. मूत्रपिंडांना ‘पाणी धरून ठेवा’ म्हणणारं व्हॅसोप्रेसिन दारूमुळे कमी सुटतं, ते असं.

एवढं होऊनही मी ठाम: मला काही चढलेली नाही. संध्याकाळसाठी पाव हवे होते, मी स्कूटरची किल्ली उचलली. मैत्रीण म्हणाली, “एका पायावर उभी राहा बघू. डोळे मिटून.”

आम्ही दोघीही फिजिओथेरपिस्ट. तोल बघायला आजी-आजोबांना मी रोज एका पायावर उभं करते, अर्थात डोळे उघडे ठेवून. डोळे मिटून माझे स्वतःचे २० सेकंद सहज होतात. त्या दुपारी चार झाले आणि तुळशीवृंदावन धरावं लागलं. दुसऱ्यांदा पाच. कलंडतानाही मला वाटत होतं, मी सरळच उभी आहे! आजींना मी “अहो, वाकडं होताय” म्हणते तेव्हा त्या माझ्याकडे असं का बघतात, ते तेव्हा कळलं.

मग कागदावर हिशेब मांडला. हुर्राक १५ टक्के धरली तर १८० मिलीत सुमारे २१ ग्रॅम अल्कोहोल. माझ्या ५८ किलोंना ते १०० मिली रक्तात ६० मिलिग्रॅमच्या आसपास जातं. गाडी चालवायला कायद्याची मर्यादा ३० ची. यकृत तासाला सात-आठ ग्रॅम उरकतं. ताक, काळी कॉफी, गार पाण्याची आंघोळ, कशानंही ते घाई करत नाही.

जेवून आडवी झाले तर पलंग फिरायला लागला. आतल्या कानात तोलाच्या नळ्या असतात, त्यांत एक इवलासा पडदा. अल्कोहोल त्या पडद्यात भोवतालच्या द्रवाच्या आधी शिरतं, पडदा हलका होतो आणि आपण नुसते पडलेलो असलो तरी ‘फिरतोय’ असा निरोप जातो. एक पाय खाली फरशीवर टेकवला, तेव्हा जरा बरं वाटलं.

सहाला पुन्हा अंगणात उभी राहिले. १७ सेकंद. मैत्रिणीच्या सासूबाई पायरीवरून मोजत होत्या. किल्ली मागायला वळले, तोवर सायकलचा भोंपू वाजवत पोदेर, म्हणजे पाववाला, दारातच आला.