कोॲक्स काढलेली होती, तरी सेट गेला

मी मास्ट, म्हणजे अँटेनाचे खांब, उभारायची आणि अर्थिंगची कामं घेतो, त्यात हौसेने वायरलेस सेट चालवणाऱ्या हॅम रेडिओवाल्यांचीही असतात. मे महिन्यात सोलापूरकडच्या एका काकांचा फोन आला, वळवाच्या पावसात मागच्या कडुलिंबावर वीज पडली आणि सेट, पॉवर सप्लाय, कॉम्प्युटरचा यूएसबी पोर्ट सगळं गेलं. काका सारखं एकच म्हणत होते, "अरे, आभाळ भरलं तेव्हाच मी अँटेनाची केबल, ती कोॲक्स, काढली होती, मग हे झालंच कसं?"

जाऊन बघितलं तर कोॲक्स खरंच खिडकीबाहेर टाकलेली, तिच्या टोकाच्या पीएल-259 कनेक्टरवर डागसुद्धा नाही. पण सेटमागचा अर्थचा स्क्रू काळा ठिक्कर, वायरच्या टोकाची लग वितळून चिकटलेली. झाकण काढलं तर तिथून डीसी सॉकेटपर्यंतचा सर्किट बोर्डावरचा तांब्याचा ट्रॅक उडालेला, नुसती काजळीची रेघ उरलेली.

मग बाहेर फिरून अर्थिंगचे दोन्ही पिट, म्हणजे जमिनीतले अर्थचे खड्डे, शोधले. सेटची बॉडी मास्टजवळच्या पिटला आणि पॉवर सप्लायचा अर्थ मीटरच्या पिटला, तो घराच्या पार पुढच्या बाजूला, आणि दोघांमध्ये जोड काहीच नाही. वीज पडली की आसपासची जमीनच क्षणभर हजारो व्होल्टवर चढते, जवळचा पिट तिच्याबरोबर वर जातो, लांबचा खाली राहतो, आणि इथे दोघांना जोडणारी एकच वाट होती ती टेबलावरच्या सेटमधून. अँटेनाचा संबंधच आला नाही.

रेडिओचा अर्थ वेगळा ठेवला की नॉईज कमी येतो असं बरेच जण सांगतात. वेगळा पिट खुशाल करा, पण तो मीटरच्या पिटला घराबाहेरूनच जोडा, हे मी प्रत्येकाला हात जोडून सांगतो.

आम्ही तांब्याची पट्टी भिंतीकडेने फिरवली, कोपऱ्यावर काटकोन न करता मोठा बाक दिला. मीटरभर वायरला साधारण 1 मायक्रोहेन्री इंडक्टन्स (करंटच्या बदलाला होणारा विरोध) असतो, करंट मायक्रोसेकंदाला 10 किलोअँपिअरने चढला तर तेवढ्यातच 10,000 व्होल्ट उभे राहतात, म्हणून लांबी कमी आणि वळणं सौम्य. खिडकीखाली तांब्याची प्लेट, विजेचा झटका अर्थकडे वळवणारा कोॲक्सचा गॅस ट्यूब अरेस्टर तिच्यावर, अँटेना फिरवणाऱ्या रोटेटरच्या केबलचा प्रोटेक्टरही तिथेच. मेन बोर्डात एसपीडी, म्हणजे मेन्समधून येणारा झटका अडवणारा सर्ज प्रोटेक्टर.

काकांच्या मोबाईलवर पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजांचा इशारा देणारं दामिनी ॲप टाकून दिलं. जवळपास विजा दिसायच्या आधीच कोॲक्स, मेन्सचा प्लग, यूएसबी सगळं काढायचं, गडगडाट सुरू झाल्यावर केबलला हात लावायचा नाही, हे काकूंसमोर त्यांच्याकडून वदवून घेतलं.