माउंटन बाइकचं किट: यादी बाजूला ठेवली, बोल्ट तपासले

मागच्या नोंदीत किट पाठीवरून काढून फ्रेमवर आणायचं ठरवलं होतं. ते काम मार्गी लागलंय. ट्यूब, टायर लिव्हर आणि पंप पट्ट्याने फ्रेमला बांधलेत. मल्टीटूल आणि प्लग (टायरचं भोक बुजवायच्या चिकट पट्ट्या) हाताला पटकन लागतील असे वेगळे ठेवलेत. कमरेच्या पाउचमध्ये फक्त प्रथमोपचार, खाणं आणि पातळ जॅकेट. पाठीवर आता टणक असं काहीच नाही. उताणं आपटल्यावर मणक्याखाली पंप किंवा पाना नको, हे माझ्या लेखी वजनापेक्षा मोठं कारण आहे. शिवाय वळणावर ओझं अंगाबरोबर डोलत नाही, हा फायदा वेगळाच.

या वेळचं मुख्य काम मात्र दुसरंच होतं. सायकल स्टँडला लावली आणि हँडलबारपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत एकेका बोल्टमध्ये मल्टीटूलची अ‍ॅलन की घालून पाहिली. घरातल्या चांगल्या पान्यांना हात लावायचा नाही, जे ट्रेलवर सोबत असतं तेच वापरायचं. हे प्रत्येकाने एकदा तरी करावं असं मला मनापासून वाटतं, कारण तयार याद्या दुसऱ्या कुणाच्या तरी सायकलवर बेतलेल्या असतात. माझ्याकडे स्टेमला (हँडलबार धरणारा भाग) ४ आणि ५ मिमी, डिस्क रोटरला (ब्रेकची चकती) ताऱ्याच्या टोकाचा टी२५, चेनरिंगला (पेडलकडचं दातेरी चक्र) तसाच टी३० आणि क्रँकला (पेडलचा दांडा) ८ मिमी लागतो. टी२५ बहुतेक मल्टीटूलवर असतो, टी३० बऱ्याचदा नसतो. ८ मिमीसाठी अनेकदा ६ मिमीच्या टोकावर बसणारी सुटी टोपी असते. ती सैल असेल तर कधी गळून पडली ते कळतही नाही. आणि आकार जुळला म्हणजे झालं असंही नाही. चेनरिंगमागच्या पिव्हट बोल्टमध्ये (मागच्या सस्पेन्शनच्या सांध्याचा बोल्ट) की बसते, पण मल्टीटूलचं धूड चेनरिंगला अडकतं आणि पाव फेराही होत नाही. असा बोल्ट ट्रेलवर सोडवायचा नाही, घरीच ठराविक टॉर्कला आवळून त्यावर पेनाने खूण करायची. निघताना ती रेघ जुळलेली दिसली की पुरे.

आता टायर. वाटेत सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो, म्हणून किटचा अर्धा विचार याच्यावर खर्च करायला माझी हरकत नाही.

ट्यूबलेसमध्ये, म्हणजे आत ट्यूब नसलेल्या टायरमध्ये, बारीक काट्यांची भोकं सीलंट (टायरमध्ये ओतलेला चिकट द्रव) आपलं आपण बुजवतं. लेटेक्सचं सीलंट उष्णतेप्रमाणे दोन ते सहा महिन्यांत सुकतं. तेव्हा निघण्याआधी चाक कानाजवळ हलवून बघा, आत डुचमळ ऐकू आली पाहिजे. भोक मोठं असेल तर प्लग. काटा किंवा खिळा टायरमध्ये दिसला की लगेच उपटू नका. आधी सुईत प्लगची पट्टी ओवून तयार ठेवा, पंप जवळ घ्या, मग काटा काढा आणि त्याच दिशेने सुई आत घाला. पट्टीची दोन्ही टोकं सेंटिमीटरभर बाहेर राहतील इतकीच ढकलायची, मग सुई सरळ मागे ओढायची. चाक फिरवून भोक खाली आणलं की सीलंट तिथे जमतं. टोकं कापायची घाई नको, चालता चालता ती झिजतात. मी जाड आणि बारीक अशा दोन्ही पट्ट्या ठेवतो. बारीक एकीने भागलं नाही तर त्याच भोकात दुसरी घालता येते.

तरीही जास्तीची ट्यूब हवीच. साइडवॉल दगडाने चिरली तर प्लग धरत नाही. तिथे आतून जुन्या टायरचा तुकडा लावायचा आणि ट्यूब घालायची. हा तुकडा मी जुन्या टायरच्या साइडवॉलमधूनच कापून घेतलाय, तळहाताच्या निम्म्याएवढा, कडा तासलेला. ट्यूब घालण्याआधीची एक गोष्ट फार महत्त्वाची आहे: टायरच्या आतून बोटं फिरवा, हळू आणि पूर्ण गोल. सीलंटने बुजवलेले जुने काटे तिथेच रुतून असतात. ट्यूबलेसला त्यांचा त्रास नसतो, पण नवी ट्यूब ते पाच मिनिटांत पंक्चर करतात. यासाठीच किटमध्ये छोटी पक्कड आली. तिचा दुसरा उपयोग म्हणजे ट्यूबलेस व्हॉल्व्हचा नट. तो सीलंटने असा घट्ट बसतो की बोटांनी हलत नाही, आणि तो व्हॉल्व्ह निघाल्याशिवाय ट्यूब बसत नाही. तेव्हा घरी हा नट नुसता हाताने आवळा, पक्कड लावू नका.

ट्यूब साध्या ब्यूटाइल रबराची की टीपीयूची (पातळ, लवचीक प्लॅस्टिक)? टीपीयू वजनाला आणि आकाराला खूप लहान, म्हणून फ्रेमला तीच बांधली. तिला नेहमीचं सोल्यूशन आणि पॅच चालत नाही, वेगळे पॅच लागतात, तेही सोबत. कोणतीही ट्यूब असो, उघडी बांधू नका. चिखल आणि पट्टा घासून तिला गुंडाळलेल्या जागीच भोक पडतं. जुन्या मोज्यात घाला, मोजा हात पुसायलाही होतो.

हवेसाठी मी पंपावर ठाम आहे. सीओटूची (कार्बन डायऑक्साइड) १६ ग्रॅमची नळकांडी २९ इंची, २.४ इंच रुंदीच्या टायरमध्ये साधारण २० ते २५ पीएसआय दाब भरते, म्हणजे एका चाकाला जेमतेम. ती एकदाच चालते. शिवाय सीओटू ब्यूटाइलमधून हवेपेक्षा लवकर निसटतो, आणि काही सीलंट त्याने गोठतात. टायरची कड रिमवर झटक्यात बसवायला नळकांडी उपयोगी आहे, म्हणून एक ठेवली. भरताना व्हॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवायचा. पंप कमी दाबाचा, पण जास्त हवा ओढणारा घ्या. रोड सायकलचा बारीक पंप या टायरला पुरता दमवतो.

चेनसाठी चेन ब्रेकर (चेनची पिन काढायचं हत्यार) आणि क्विक लिंक (चेन पुन्हा जोडायची कडी). लिंक आपल्याच गिअरसंख्येची हवी, ११ स्पीडची लिंक १२ स्पीडच्या चेनला चालत नाही. मी दोन जोड्या ठेवतो आणि त्या मल्टीटूललाच टेपने चिकटवल्यात. वाकलेला तुकडा काढून चेन जोडली की ती आखूड होते. मग मोठ्या चेनरिंगवरून कॅसेटच्या सगळ्यात मोठ्या चक्रावर जायचं नाही, नाहीतर डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) उपटून येईल.

डिरेलर हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा) हा तर फ्रेमप्रमाणे बदलतो, आणि ऐन वेळी दुसऱ्या कुणाचा उपयोगी पडेलच असं नाही. एसरॅम या सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीने २०१९ मध्ये यूडीएच (युनिव्हर्सल डिरेलर हँगर) आणला, तेव्हापासून पुष्कळ नव्या फ्रेमवर एकच हँगर चालतो. माझी फ्रेम त्याआधीची, म्हणून माझा हँगर कायम सोबत. डिरेलरच मोडला तर चेन कापून एका चक्रावर चालवता येते, असं सगळे सांगतात. हार्डटेलवर (मागे सस्पेन्शन नसलेल्या सायकलवर) ते जमतं. फुल सस्पेन्शनवर मागचं चाक वर-खाली होताना चेन ताणते-सैलावते, आणि चेनलाइन (चेनरिंगपासून मागच्या चक्रापर्यंतची चेनची रेषा) सरळ नसेल तर ती शेजारच्या मोठ्या चक्रावर चढून घट्ट होते. घरी येण्यापुरतं, हळू आणि बसून.

बाकी झटपट. ब्रेक पॅडची एक जोडी. पिस्टन आत ढकलायला प्लॅस्टिकचा टायर लिव्हर पुरतो. चाक काढल्यावर ब्रेक दाबू नका, कॅलिपरमध्ये पुठ्ठ्याची घडी घाला. चार-सहा झिप टाय. पंपावर गुंडाळलेली कापडी टेप. क्लीट (बूट पेडलला अडकवणारा तळव्याचा तुकडा) वापरत असाल तर एक जास्तीचा क्लीट बोल्ट. शॉक पंप (सस्पेन्शनमध्ये हवा भरायचा) किटमधून काढला, दाब घरी बघून निघतो.

प्रथमोपचारात गॉज, दाबपट्टी, त्रिकोणी पट्टी, हातमोजे आणि अंगाभोवती गुंडाळायचं चंदेरी ब्लँकेट. शिट्टी पाउचमध्ये नको, पट्ट्याला बाहेर. मिनिटात सहा शिट्ट्या, मग मिनिटभर शांतता, पुन्हा सहा, ही मदतीची खूण. उत्तर तीन शिट्ट्यांचं येतं. फोनला रेंज नसते तेव्हा हे मदत मागणारा आणि ऐकणारा, दोघांनाही माहीत असणं फार मोलाचं.

पुढचं काम हेडलॅम्पच्या उजेडात, हातमोजे घालून हँगर बदलून बघण्याचं. त्याचे स्क्रू एवढेसे आहेत की गवतात पडले तर सापडणार नाहीत, म्हणून जास्तीचे दोन हँगरलाच चिकटवून ठेवलेत. किती वेळ लागतो ते पुढच्या नोंदीत लिहितो.