सात नंबरच्या आजींचा चहा

बुधवार, रात्री साडेदहा

आज राउंडला सर चक्क खुर्ची ओढून बसले. पाचच मिनिटं. पण बत्तीस म्हाताऱ्या माणसांच्या या घरात बसलेला डॉक्टर मी सहा वर्षांत पहिल्यांदा पाहिला. एरवी गेटवर हॉर्न वाजला की मी फाइली घेऊन पळते, सर पुढे, मी मागे, आणि चालता चालता ऑर्डरी.

पुण्यात नर्सिंग होम म्हटलं की लोकांना दहा-वीस खाटांचं खाजगी हॉस्पिटल वाटतं. आमचं तसलं नाही. इथे माणसं राहायला येतात, बरं होऊन घरी जायला नाही. डॉक्टर बुधवारी आणि शनिवारी येतात, मधले दिवस फोनवर. म्हणजे सगळा कारभार फोनवर कोण काय बोलतं यावर.

सात नंबरच्या आजींचं लिहून ठेवते, नाहीतर महिन्याभराने मीच त्यात शहाणी ठरलेली असेन.

आजी रोज सकाळी पेपरातल्या निधनवार्ता मोठ्याने वाचतात. वय आधी, नाव नंतर. "सत्त्याऐंशी! बरी गेली." त्या दिवशी पेपर घडीही न मोडता उशाशी पडलेला, आणि मला त्यांनी मुलीच्या नावाने हाक मारली. मी फोन लावला. "सर, आजी आज वेगळ्या वाटतायत." ताप? नाही. बीपी? ठीक. शुगर? ठीक. "मग वयाचं असेल सिस्टर, बघू शनिवारी." मी "हो सर" म्हणून फोन ठेवला आणि रजिस्टरमध्ये लिहिलं, 'डॉक्टरांना कळवले.' हे दोन शब्द लिहिले की आपण सुटलो. निदान मला तसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी आजी बाथरूमच्या दारात पडल्या. हाड मोडलं नाही, नशीब. हॉस्पिटलमध्ये सोडियम आलं 118. एरवी ते 135 ते 145 असतं. दोन आठवड्यांपूर्वी बीपीची गोळी बदलली होती, नव्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं. म्हातारपणी त्याने सोडियम उतरतं हे सरांनाही माहीत, मलाही माहीत. पण गोळी त्यांच्या डोक्यात होती आणि पेपर माझ्या. दोन्ही एकत्र आलंच नाही. सोडियम एकदम चढवूनही चालत नाही, मेंदूला इजा होते, म्हणून आजी पाच दिवस तिथेच.

त्यानंतरच्या राउंडला मी घुश्शातच होते. सर म्हणाले, "तुम्ही सांगितलंत, पण तुम्हाला काय हवं होतं ते नाही सांगितलंत."

"तुम्ही विचारलंत कुठे?"

बोलून गेले आणि कानशिलं तापली. पंचवीस वर्षांच्या नोकरीत डॉक्टरला असं उलट बोललेली नव्हते. सर माझ्या भाच्याच्या वयाचे. ते गप्प बसले, मग म्हणाले, "बरोबर आहे."

तेव्हापासून फोनजवळ एक कागद चिकटवलाय. काय झालंय, आधीचं काय, मला काय वाटतं, मला काय हवंय. इंग्रजीत याला एसबीएआर म्हणतात. अमेरिकेच्या नौदलातल्या अणुपाणबुड्यांमधून हे दवाखान्यांत आलं म्हणे. पाणबुडीतल्या माणसाला जे सुचलं ते आमच्या तळमजल्यावर यायला एवढी वर्षं लागली! तिसऱ्या ओळीला माझी जीभ अजून अडखळते. 'मला वाटतं' म्हणायची सवयच नाही. जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या कोर्सच्या, तीन वर्षांत 'येस सर' मात्र पक्कं झालं. फोनवरची ऑर्डर आता परत वाचून दाखवते, औषध, डोस, वेळ. इन्शुलिन सिक्स की सिक्स्टीन, यात माणूस जातो.

पण खरी चपराक वेगळीच. आजी परतल्यावर मावशी भांडी विसळता विसळता म्हणाल्या, "मी तर आधीच बोलले होते ना ताई, आजी दोन दिस चहाला नको म्हणतायत." बोलल्या होत्या. मी गोळ्यांचे डबे भरत होते, "असू दे" म्हणाले होते. सरांच्या "बघू शनिवारी"वर मी आठवडाभर धुमसले, आणि माझं "असू दे" मला आठवतही नव्हतं. आता रजिस्टरमध्ये मावशींसाठी एक रकाना आखलाय. त्यांना लिहायचा कंटाळा, त्या सांगतात, मी लिहिते.

आज दुपारी त्या रकान्यात होतं: 'तीन नंबरचे आजोबा घास तोंडात धरून बसतात.' ताप नाही. श्वास मोजला तर मिनिटाला 26, ऑक्सिजन 91. या वयात न्यूमोनिया पुष्कळदा तापाशिवायच येतो. फोन केला, चारही ओळी बोलले, तिसरीसुद्धा: "मला वाटतं छाती भरतेय. तुम्ही आजच राउंड लवकर घ्यावा." सर साडेचारला आले. स्टेथोस्कोप लावण्याआधी खुर्ची ओढली आणि मावशींना विचारलं, "कधीपासून?"

मावशी माझ्याकडे बघायला लागल्या, आपण बोलायचं का म्हणून. मी मान हलवली.

"कालच्या जेवणापासून, साहेब."

रकान्यात मी आजची तारीख टाकली होती. खोडून कालची केली.